बंद पडलेलं इंजिन मुलांच्या हाती द्या: मॉडेल रेल्वेतून विज्ञान शिकवण्याची सुरुवात

आमच्या गटाच्या मॉडेल रेल्वेचं इंजिन काही दिवस एकाच जागी रेंगाळायचं. रुळांना वीज पुरवणाऱ्या आणि गाडीचा वेग ठरवणाऱ्या पेटीजवळून, म्हणजे कंट्रोलरजवळून, झोकात निघायचं, पलीकडच्या लांब बाजूला गेलं की मलूल व्हायचं आणि परत जवळ आलं की पुन्हा जोर धरायचं. बारा वर्षांच्या एका मुलीच्या हातात मी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, दिला. तिने इंजिन उचलून बाजूला ठेवलं आणि मीटरची टोकं रुळांवर टेकवली. जवळ १२ व्होल्ट, लांबही १२ व्होल्ट.

"वीज तर सगळीकडे सारखीच आहे," ती म्हणाली.

"इंजिन का उचललंस?" मी एवढंच विचारलं.

तिने इंजिन पुन्हा रुळांवर ठेवलं आणि ते पलीकडच्या बाजूला चालत असताना मोजलं. आकडा घसरून ८ वर आला. रोधातून धारा वाहू लागल्याशिवाय त्यावर व्होल्टेज पडत नाही, ही गोष्ट तिला तिथे जमिनीवर गुडघे टेकून कळली. मग ती एकेक जोड तपासत गेली आणि एका ढिल्या जोडपट्टीपाशी थांबली. पट्टी पक्कडीने हलकेच दाबल्यावर इंजिन सरळ पळायला लागलं. मी मनातून विषय संपवला होता, तिने संपवला नाही. "मार्ग तर गोल आहे," ती म्हणाली, "वीज दोन्हीकडून येते. एक जोड ढिला असला तरी दुसरीकडून यायला हवी होती ना?" बरोबर होतं तिचं. दुसऱ्या बाजूला त्याच रुळावर आणखी एक जोड काळा पडलेला निघाला.

११ ते १५ वर्षांच्या मुलांबरोबर मॉडेल रेल्वे सुरू करू पाहणाऱ्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि गट चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यापूर्वी तुम्ही कधी रूळ जोडले नसतील तरी चालेल. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्या: बिघाड शोधायचा हक्क मुलांचा.

पहिली पायरी: गट आणि कामं

एका रेल्वेमागे चार ते सहा मुलं पुरेत. सहापेक्षा जास्त झाली की मागची दोघं-तिघं नुसती बघत उभी राहतात. या वयातल्या मुलांना 'खेळणं' हा शब्द झोंबतो, म्हणून पहिल्या दिवसापासून बोलताना खऱ्या रेल्वेचेच शब्द वापरा: चालक, सिग्नलमन, रुळांची देखभाल, वेळापत्रक.

कामं वाटून द्या आणि फिरती ठेवा. हे न केल्यास काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. सगळ्यात धीट मूल कंट्रोलर बळकावतं आणि बाकीचे त्याचे प्रेक्षक होतात. बहुतेक वेळा मुली मागे राहतात. आमच्याकडे चालक दर दहा मिनिटांनी बदलतो. मल्टिमीटर सांभाळणारं मूल वेगळं आणि वही लिहिणारं वेगळं. वहीला आम्ही 'बिघाडवही' म्हणतो. काय बिघडलं, काय वाटलं, काय मोजलं, काय निघालं असे चार रकाने. 'काय वाटलं' हा रकाना वगळू नका. अंदाज आधी लिहिला असेल तरच तो चुकल्याचं समजतं.

दुसरी पायरी: माप निवडा

नवख्यांसाठी एचओ हे माप घ्या. प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान; दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. डबे हातात नीट बसतात, चाकं आणि गिअर डोळ्यांना दिसतात, सुटे भाग सहज मिळतात. एन हे माप १:१६० आणि ९ मिमीचं. जागा कमी लागते, पण तेरा वर्षांच्या अधीर बोटांना ते डबे रुळावर बसवणंच कठीण जातं.

माप निवडतानाच पहिलं गणित देऊन टाका. जगातल्या बऱ्याच रेल्वेमार्गांचं प्रमाण गेज, म्हणजे दोन रुळांमधलं ठरलेलं अंतर, १४३५ मिमी आहे. त्याला ८७ ने भागलं की १६.५ येतं. आता ओओ या दुसऱ्या मापाबद्दल विचारा: तिथे प्रमाण १:७६ आहे, पण रूळ तेच १६.५ मिमीचे. १४३५ भागिले ७६ म्हणजे जवळजवळ १९. म्हणजे ओओची गाडी तिच्या रुळांपेक्षा मोठी आहे! कारखान्यातून येणाऱ्या वस्तूतही तडजोड असते हे मुलांना भागाकारातून कळलं की पुढे ती प्रत्येक गोष्ट मोजून बघतात.

तिसरी पायरी: सामान

अंडाकृती मार्गापुरते रूळ, एक इंजिन, चार-पाच डबे, एक सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा पॉइंट, आणि साधा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज देणारा, कंट्रोलर. शॉर्ट सर्किट झाल्यावर आपोआप बंद होणाराच कंट्रोलर घ्या. बरोबर मल्टिमीटर, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, मोजपट्टी, स्टॉपवॉच आणि किमान १५० सेंमी लांब व ९० सेंमी रुंद प्लायवूडची फळी. सगळ्यात लहान वळणाची त्रिज्या साधारण ३६ सेंमी असते, म्हणजे रूळच ७२ सेंमी रुंदी खातात; फळी त्याहून अरुंद असेल तर इंजिन कधीतरी जमिनीवर पडणार.

डिजिटल पद्धत सुरुवातीला घेऊ नका, विक्रेता कितीही आग्रह करो. साध्या डीसीमध्ये बटण पिळलं की व्होल्टेज वाढतं आणि गाडी जोरात जाते. तारा उलट जोडल्या की गाडी उलट जाते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये काहीही लपलेलं नसतं. डिजिटलमध्ये सगळं एका चिपच्या पोटात जातं. ती चीज सुंदर आहे, पण तिची पाळी नंतर.

जुनं सामान मिळालं तर आनंदाने घ्या, फक्त त्यातला जुना ट्रान्सफॉर्मर वापरू नका.

चौथी पायरी: पहिली बैठक

अर्ध्या तासात गाडी फिरली पाहिजे. सजावट, डोंगर, बोगदे यांचं नावही काढू नका. रूळ मुलांनीच जोडायचे. गाडी घसरेल, थांबेल, चाकं एका बाजूने रुळावर नसतील. हात मागे बांधून उभे राहा.

गाडी फिरायला लागली की मुलं बटण पूर्ण पिळतात. पिळू द्या. मग रुळालगत एक मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि वेळ मोजायला सांगा. समजा गाडीने तो मीटर एका सेकंदात कापला. ८७ ने गुणा: सेकंदाला ८७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३१३ किलोमीटर, आणि तेही मालगाडी! मग ताशी १०० किलोमीटरचा खरा वेग दाखवायचा तर किती? सेकंदाला साधारण ३२ सेंमी, म्हणजे एका मीटरला तीन सेकंदांहून थोडं जास्त. गाडी त्या वेगावर आणल्यावर खोलीत एकदम शांतता होते, कारण ती पहिल्यांदाच खऱ्या रेल्वेसारखी दिसते.

त्याच दिवशी वजनाचा प्रश्न टाका. खरं इंजिन ८० टनांचं असेल तर आपलं किती ग्रॅमचं हवं? जवळजवळ प्रत्येक गट ८७ ने भागतो आणि ९२० किलो असं उत्तर काढून एकमेकांकडे बघतो. लांबी ८७ पट लहान, रुंदीही, उंचीही; हे कोणीतरी बोलून दाखवेपर्यंत थांबा. ८७ चा घन ६,५८,५०३. ८० टनांना त्याने भागलं की १२१ ग्रॅम. मग इंजिन काट्यावर ठेवा. ते बहुधा याहून बरंच जड भरेल. का? आत मुद्दाम धातूचं वजन घातलेलं असतं. ते कशासाठी, हा पुढच्या बैठकीचा प्रश्न. उत्तर सांगून टाकू नका.

पाचवी पायरी: ओढ आणि चढ

फळीवर एक सरळ मार्ग मांडा. मीटरभर लांबीला एक टोक २ सेंमी उचललं की २ टक्के चढ झाला. सपाटीवर इंजिन किती डबे ओढतं, १ टक्क्यावर किती, २, ३, ४ टक्क्यांवर किती, हे मोजून आलेख काढा. डबे कमी पडले तर एकाच डब्यात नाणी किंवा नट भरा आणि वजन लिहा.

चाकं जागच्या जागी फिरायला लागली की मोटारीची ताकद संपलेली नसते, रुळावरची पकड संपलेली असते. या दोन गोष्टींतला फरक मुलांना स्वतः करून बघू द्या: इंजिनावर ५० ग्रॅमचं वजन ठेवा आणि पुन्हा मोजा. आतल्या धातूचं कोडं इथे सुटतं.

मग विचारा, एक मार्ग दुसऱ्याच्या वरून न्यायचा असेल तर? एचओमध्ये त्यासाठी साधारण ८ सेंमी उंची लागते. २ टक्के चढाने तेवढं चढायला चार मीटर रूळ हवेत आणि आपली फळी दीड मीटरची. घाटातले रेल्वेमार्ग इतके वेढे घेत का जातात, हे तेव्हा कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एका मुलाने माझ्यासमोर कागदावर चार मीटर बसवण्यासाठी गुंडाळी काढली आणि मग त्याच्याच लक्षात आलं की वळणावरचं घर्षण चढात मिळवावं लागेल.

सहावी पायरी: चाकांचा आकार

याला अर्धा तास पुरतो आणि खर्च शून्य. दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा, दुसरे दोन बुडाला बूड लावून. दोन लांब काठ्या समांतर, जराशा उतारावर ठेवा आणि दोन्ही जोड्या त्यांवरून घरंगळत सोडा. मध्ये जाड असलेली जोडी डुलत डुलत पण स्वतःला सावरत खाली येते; मध्ये बारीक असलेली लगेच घसरून पडते. खऱ्या रेल्वेची चाकंही आतल्या बाजूला किंचित जाड आणि बाहेर निमुळती असतात. गाडी एका बाजूला सरकली की त्या बाजूचं चाक मोठ्या घेरावर चालतं, जास्त अंतर कापतं आणि आस पुन्हा मध्यावर येते. चाकांच्या आतल्या कडा गाडीला रुळावर ठेवतात असं बहुतेकांना वाटतं. त्या कडा शेवटचा आधार आहेत; रोजचं काम निमुळता आकार करतो.

सातवी पायरी: वीज

रूळ निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नाही. त्यावर मळ साठतो आणि जोड ढिले होतात, म्हणून मोठ्या मार्गाला एकाच ठिकाणाहून वीज देणं पुरत नाही. दर मीटर-दीड मीटरला कंट्रोलरपासून वेगळी वायरची जोडी आणा. पण हे आधीच करून ठेवू नका. आधी गाडी मंदावू द्या, मोजू द्या, मग वायर जोडा आणि पुन्हा मोजा. रूळ पुसायला कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. पॉलिश पेपरने ओरखडे पडतात आणि त्यांत मळ आणखी बसतो.

दिवे लावायचे तर १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा घ्या. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले १० व्होल्ट. १० मिलिअँपिअर धारा हवी असेल तर रोध १००० ओहम. एक एलईडी रोधाशिवाय लावून जाळूनही दाखवा, मात्र डोळ्यांपासून लांब आणि संरक्षक चष्मा घालून. गणित का करायचं हे मुलं मग विचारत नाहीत.

आता माझं सगळ्यात आवडतं कोडं. मुलांना सांगा की गाडीने पुढे जाऊन एका वेढ्यातून वळावं आणि आली त्याच मार्गाने परत यावं. सांधा वापरून ती रूळ मांडतील आणि वीज सुरू करताच कंट्रोलर बंद पडेल. गाडी रुळावर नसली तरी! सगळे कंट्रोलरला दोष देतील. अशा वेळी दोन रंगीत पेन्सिली द्या, एक रूळ लाल आणि दुसरा निळा काढायला सांगा. वेढा घालून परत आल्यावर लाल रूळ निळ्याला भिडलेला दिसतो. उपाय त्यांनाच शोधू द्या. वेढ्याचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून वेगळे करायचे आणि गाडी आत असताना मुख्य मार्गाची ध्रुवता उलटायची, इथपर्यंत पोहोचायला आमच्या एका गटाला तीन बैठका लागल्या. त्या तीन बैठका मी कुठल्याही तयार मॉडेलशी बदलणार नाही.

आठवी पायरी: सिग्नल आणि तर्क

इथपर्यंत आलेली मुलं आता अभियांत्रिकीच्या दाराशी उभी असतात.

रेल्वेचा मूळ नियम सोपा: मार्गाचे तुकडे करा आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडा. पण तुकड्यात गाडी आहे हे कळायचं कसं? अमेरिकी अभियंता विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये रुळांनाच परिपथ बनवलं. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. रुळांतून वाहणारी धारा रिलेला उचलून धरते आणि हिरवा सिग्नल मिळतो. गाडी आली की तिच्या चाकांमधून धारा परस्पर वळते, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. आता मुलांना विचारा: बॅटरी संपली तर? रूळ तुटला तर? वायर निघाली तर? तिन्ही वेळा लाल. बिघडली तरी सुरक्षित बाजूला पडणारी यंत्रणा म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या मॉडेलवर हे जसंच्या तसं चालत नाही, कारण दोन रुळांवर उलट ध्रुवता असल्यामुळे चाकं एकमेकांपासून विद्युतरोधक ठेवलेली असतात. म्हणून एक आर्डुइनो बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवता येणारा छोटा संगणक, घ्या आणि दोन प्रकारे करून बघा.

पहिला प्रकार: रुळाखाली चुंबक जवळ आलं की जुळणारा रीड स्विच आणि इंजिनाखाली छोटं चुंबक. इंजिन वरून गेलं की स्विच मिटतो, बोर्डला कळतं, सिग्नल लाल होतो. छान चालतं. मग मुलांसमोर त्या स्विचची वायर काढा. इंजिन जातं, पण बोर्डला काहीच कळत नाही आणि सिग्नल हिरवाच राहतो. मागच्या गाडीला धडकायला मोकळं रान.

दुसरा प्रकार: रुळाच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर त्याचा प्रकाश पकडणारा फोटोट्रान्झिस्टर. प्रकाश पोहोचतो आहे तोवरच रूळ मोकळा समजायचा. आता वायर काढली की प्रकाश 'दिसत नाही' आणि सिग्नल लाल होतो. एलईडी जळाला तरी लाल. मात्र याचीही खोट आहे: ऊन थेट पडलं की गाडी उभी असूनही रूळ मोकळा दिसतो. त्यासाठी फोटोट्रान्झिस्टरवर काळी नळी चढवावी लागते. आणि दोन डब्यांच्या फटीतून प्रकाश आरपार जाऊन सिग्नल लुकलुकतो. किरण रुळाला तिरका नेला की ते थांबतं. हे दोन्ही दोष मुलांना सापडेपर्यंत वाट बघा.

सावधगिरीची एक सूचना: मोटार थेट आर्डुइनोच्या पिनला जोडू नका, पिन तेवढी धारा देऊ शकत नाही. मध्ये मोटारीला पुरेशी धारा देणारं सर्किट, म्हणजे मोटार ड्रायव्हर, लागतं. सांधा हलवायला छोटी सर्वो मोटार उत्तम.

या वाटेने पुढे किती जाता येतं याचं एक उदाहरण मुलांना जरूर सांगा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. तिथे काहींना डबे आणि देखावे रंगवण्यात रस होता, तर काहींना टेबलाखालच्या रिले आणि वायरींच्या जाळ्यात. टेबलाखालची ती मंडळी पुढे संगणकांकडे वळली. 'हॅक' हा शब्द आजच्या तांत्रिक अर्थाने रुळला तो या क्लबच्या बोलीतून, आणि १९६२ च्या स्पेसवॉर या सुरुवातीच्या संगणक खेळामागेही क्लबशी जोडलेलीच मुलं होती.

जागा कमी असेल तर

फळीसुद्धा मावत नसेल तर इंग्लनुक नावाचं शंटिंगचं, म्हणजे डबे मागेपुढे करून जुळवण्याचं, कोडं मांडा. तीन बाजूमार्ग: एकात पाच वाघिणी (मालडबे) मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन. आठ वाघिणी, एक इंजिन, आणि इंजिनाच्या बाजूच्या रुळावर इंजिन अधिक तीनच वाघिणी एवढी जागा. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणी ठरवायच्या आणि त्या क्रमाने गाडी जुळवायची. असे किती क्रम होऊ शकतात? ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६७२०. एका मुलाने कृती फक्त लिहून द्यायची आणि दुसऱ्याने न बोलता तशीच करायची. एक पायरी गाळली की इंजिन भलत्याच वाघिणीला जाऊन जुळतं. संगणकाला आज्ञा देणं किती काटेकोर असतं ते या खेळात फार लवकर कळतं.

सुरक्षितता

घरच्या विजेला जोडलेली कोणतीही पेटी मुलांनी उघडायची नाही. त्यांचं राज्य पेटीतून बाहेर येणाऱ्या १२ व्होल्टपुरतं. सोल्डरिंग मोठ्यांच्या देखरेखीखाली, खिडकी उघडी ठेवून, संरक्षक चष्मा घालून, शिसं नसलेल्या सोल्डरने करा आणि नंतर हात धुवा. गरम सोल्डरिंग आयर्नला स्टँड हवाच. सुटी चुंबकं मोजून द्या आणि मोजून परत घ्या. गिळली गेली तर ती जिवावर बेततात, आणि घरात धाकटी भावंडं असतात.

मोठ्यांनी टाळायचं ते

एकदा बैठकीच्या आदल्या रात्री बसून मी सगळे जोड स्वतः दुरुस्त केले, मुलांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी गाडी तासभर निर्दोष फिरली आणि वीस मिनिटांत मुलं कंटाळली. त्यांच्याकडे करायला काही उरलंच नव्हतं. त्यानंतर मी रात्री रुळांना हात लावलेला नाही.

सजावट वाईट नाही, पण ती मुलांनी मागितल्यावरच आणा. डोंगर रुळांवर आधी बसला की खालच्या वायरी बदलायला कोणाचं मन धजत नाही.

पुढे काय

आठ-दहा बैठकांनंतर दुसरं इंजिन हवं असं मुलंच म्हणतील. साध्या डीसीवर दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवता येत नाहीत, हे त्यांना तोवर कळलेलं असतं. आता डिजिटलची पाळी. त्यात रुळांवर सतत उलटसुलट होणारं व्होल्टेज असतं, त्यातूनच आज्ञा जातात आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या पत्त्यावर आलेली आज्ञा तेवढी उचलतो. डीसीसी-ईएक्स या मुक्त प्रणालीमुळे आर्डुइनो मेगा आणि त्यावर बसणारं मोटार ड्रायव्हरचं बोर्ड (मोटार शील्ड) वापरून आज्ञा पाठवणारं केंद्र स्वतः बांधता येतं. तयार पेटी घेण्यापेक्षा मी तेच सुचवेन. काय घ्यायचं, काय स्वतः करायचं आणि त्याआधी बिघाडवहीतलं काय सोडवायचं, याची यादी मुलांना करू द्या. आमच्या मुलांनी केलेल्या यादीत पहिल्या क्रमांकावर डीकोडर नव्हता. तिथे लिहिलं होतं: 'सगळे जोड पुन्हा मोजणे, इंजिन चालू असताना.'